वाचकांचे प्रश्न : बंद पडलेला एसएमपीएस

या महिन्याच्या टपालात एसएमपीएसच्या, म्हणजे वेगाने स्विचिंग करून मेन्सपासून कमी व्होल्टचा डीसी देणाऱ्या सप्लायच्या, दुरुस्तीबद्दलची पत्रे जास्त आली. बहुतेकांचा अनुभव सारखा आहे : जळालेला भाग बदलला, आणि तो पुन्हा जळाला. म्हणून या वेळी सगळी जागा याच विषयाला दिली आहे.

उघडण्याआधी एक सूचना. २३० व्होल्ट एसी ब्रिजमधून (एसीचा डीसी करणाऱ्या चार डायोडमधून) गेल्यावर मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठतो, आणि प्लग काढल्यावरही तो काही वेळ तिथेच असतो. १०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमध्ये साठलेली ऊर्जा पाच ज्यूलच्या वर जाते. २.२ किलोओहम, १० वॅटच्या वायरवाउंड रेझिस्टरला इन्सुलेट केलेल्या वायरी लावून ठेवा आणि कपॅसिटरच्या दोन टोकांना तो तीन-चार सेकंद टेकवा. नंतर मीटरने व्होल्टेज पाहा, आणि मगच बोर्डाला हात लावा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नका. त्यात ट्रॅक उडतो आणि ठिणगी डोळ्यापर्यंत येते.

प्रश्न : आमच्या गल्लीत न्यूट्रल तुटला तेव्हा सीसीटीव्हीचा १२ व्होल्ट ५ ॲम्पिअरचा एसएमपीएस मोठा आवाज होऊन बंद पडला. फ्यूज बदलला, तोही लगेच उडाला. बोर्ड टाकून द्यावा का? — एक वाचक, परभणी

उत्तर : टाकू नका. अशा बोर्डात सहसा तीन-चार भागच गेलेले असतात.

न्यूट्रल तुटल्यावर दोन फेजवरची घरे एकमेकांना सिरीजमध्ये येतात. ज्या फेजवर लोड कमी, तिथल्या घरात व्होल्टेज ४०० च्या आसपास चढते. त्याचा डीसी साडेपाचशेच्या वर जातो, आणि तुमच्या बोर्डातला मोठा कपॅसिटर ४०० व्होल्टचा आहे.

उडालेल्या फ्यूजची काच नीट पाहा. आतून काळी किंवा चंदेरी झाली असेल, तर पुढे थेट शॉर्ट आहे. काच स्वच्छ आणि तार फक्त मधोमध तुटलेली असेल, तर ओव्हरलोड असू शकतो किंवा फ्यूज जुना झालेला असू शकतो. तुमचा दुसरा फ्यूजही लगेच उडाला, म्हणजे शॉर्ट नक्की आहे. तिसरा घालण्याआधी मीटर डायोड रेंजवर ठेवा आणि प्लगपासून आत या.

पहिला मोव्ह, म्हणजे चढलेले व्होल्टेज दाबणारी इनपुटजवळची निळी चकती. तिच्यावर बहुधा ४७१ असते, म्हणजे ४७० व्होल्ट. ती तडकली असेल तर त्याच व्यासाची आणि त्याच आकड्याची नवी लावा. मोव्हशिवायही बोर्ड चालतो, म्हणून अनेक जण ती काढून सोडून देतात. पुढच्या वेळी मग संपूर्ण बोर्ड जातो. त्यानंतर एनटीसी थर्मिस्टर, म्हणजे चालू करतानाचा करंटचा झटका रोखणारा भाग : ५डी-९ असेल तर थंड असताना ५ ओहमच्या जवळ दिसला पाहिजे. मग ब्रिजचे चारही डायोड : एका दिशेला ०.४५ ते ०.६, उलट दिशेला काही नाही. शॉर्ट असेल तर ६०० व्होल्टचा केबीपी २०६ किंवा बोर्डावर असेल त्या रेटिंगचा लावा. मोठा कपॅसिटर फुगलेला नसला तरी या प्रसंगानंतर बदलाच. उंचीत बसत असेल तर ४५० व्होल्टचा घ्या. शेवटी मॉसफेटचे (स्विचचे काम करणाऱ्या ट्रान्झिस्टरचे) ड्रेन आणि सोर्स हे दोन पाय तपासा. तिथे मीटर शून्य दाखवत असेल, तर पुढचे उत्तरही वाचा.

सगळे बदलून झाल्यावर थेट प्लगमध्ये लावू नका. फेजच्या वायरीत ६० वॅटचा फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये घ्या. एलईडी बल्ब इथे चालत नाही. बल्ब क्षणभर लखकन पेटून मंद झाला किंवा विझला, तर कपॅसिटर भरला आणि शॉर्ट नाही. पेटलेलाच राहिला, तर शॉर्ट अजून आहे, पण नवे भाग वाचले. फ्यूज ३.१५ ॲम्पिअर स्लो ब्लोचा असेल तर तोच घाला. तार गुंडाळून काम भागवणे म्हणजे घराला आग लावण्याची तयारी आहे.

प्रश्न : टीव्ही आणि ॲम्प्लिफायर दुरुस्तीचे माझे छोटे दुकान आहे. ३८४२ आयसीच्या एका बोर्डावर मॉसफेट तीन वेळा बदलला. दर वेळी चालू करताच जातो. — एक वाचक, मिरज

उत्तर : मॉसफेट शॉर्ट होतो तेव्हा एकटा जात नाही. ड्रेनवरचे ३२५ व्होल्ट गेटमधून (मॉसफेटला चालू-बंद करणाऱ्या पायातून) आयसीच्या सहाव्या पिनवर येतात, आणि सगळा करंट सोर्सखालच्या सेन्स रेझिस्टरमधून बोर्डाच्या उणे बाजूकडे धावतो. नवा मॉसफेट लावला तरी त्याला चालवणारा आयसी मेलेला असतो, किंवा करंट मोजणारा रेझिस्टर ओपन असतो. अशा बोर्डात तीन काय, दहा मॉसफेटही जातील.

मॉसफेट काढून ठेवा आणि हे भाग तपासा. सेन्स रेझिस्टर ०.२२ ते १ ओहमच्या दरम्यानचा असतो. साधा मीटर इतके कमी मोजताना प्रोबच्या वायरींचा रेझिस्टन्सही धरतो, म्हणून आधी प्रोब एकमेकांना टेकवून येणारा आकडा वजा करा. बदलायचा झाल्यास मेटल फिल्म किंवा मेटल ऑक्साइडचा, तेवढ्याच वॅटचा घ्या. वायरवाउंड नको. त्याच्या वेटोळ्यांमुळे टोकदार स्पाइक येतात आणि आयसी फसतो. गेटचा १० ते ४७ ओहमचा रेझिस्टर आणि गेट-सोर्समधला झेनर (असेल तर) हे दोन्ही मॉसफेटबरोबर बदललेलेच बरे.

आता आयसी. मेन्स पूर्ण काढा, मोठा कपॅसिटर रिकामा करा आणि मॉसफेट नसतानाच बेंच सप्लायमधून सातव्या पिनला अधिक, पाचव्या पिनला उणे असे १७-१८ व्होल्ट द्या. ३८४२ साधारण १६ व्होल्टला जागा होतो आणि १० च्या खाली गेल्यावर झोपतो. ३८४३ मात्र साडेआठ व्होल्टच्या आसपासच सुरू होतो. म्हणून एकाच्या जागी दुसरा घालून चालत नाही, पिना सारख्या असल्या तरी. आठव्या पिनवर ५ व्होल्ट आले पाहिजेत. सहाव्या पिनवर स्कोपने (ऑसिलोस्कोपने) चौकोनी पल्स दिसतील. स्कोप नसेल आणि मीटरला हर्ट्झची रेंज असेल, तर बहुतेक बोर्डांवर चाळीस हजार ते एक लाखाच्या दरम्यान आकडा येईल. आठव्यावर ५ व्होल्ट नसतील किंवा सहावी पिन गप्प असेल, तर आयसी बदला आणि त्याखाली बेस (आयसीचे सॉकेट) लावा.

आयसी ठीक निघाला, तर ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवरचा (मेन्सकडच्या वेटोळ्यावरचा) क्लॅम्प, म्हणजे स्पाइक दाबणारी जोडणी, पाहा. एक फास्ट डायोड, एक किलोव्होल्टचा छोटा कपॅसिटर आणि ४७ ते १०० किलोओहमचा दोन वॅटचा रेझिस्टर, असा तो असतो. रेझिस्टर वर्षानुवर्षे तापून तपकिरी होतो आणि एक दिवस ओपन होतो. मग मॉसफेट बंद होताना उठणारा स्पाइक ६०० व्होल्टच्या पलीकडे जातो. चालू करताच मॉसफेट जाण्याचे हे कारण फार वेळा नजरेतून सुटते, कारण मीटरवर शॉर्ट कुठेच दिसत नाही.

आणखी एक चूक सगळीकडे दिसते. आयसीला सप्लाय देणारा किंवा आउटपुटचा फास्ट डायोड गेला की हाताशी असलेला ४००७ किंवा ५४०८ लावतात. हे डायोड ५० हर्ट्झसाठी आहेत. पन्नास हजार हर्ट्झला ते वेळेवर बंद होत नाहीत, उलटा करंट वाहू देतात आणि तापून जातात. छोट्या सप्लायला यूएफ ४००७ किंवा एफआर १०७ घ्या, आणि १२ व्होल्टच्या आउटपुटला एमबीआर २०१०० सारखा शॉटकी.

नवा मॉसफेट बसवताना अभ्रक किंवा रबरी पॅड आणि स्क्रूचा बुश विसरू नका. हीटसिंकला लावल्यावर ड्रेन आणि हीटसिंकमध्ये मीटरने अनंत दाखवले पाहिजे. ४एन६० च्या जागी १०एन६० घातला की बोर्ड जास्त भक्कम होतो, असा समज आहे. मोठ्या मॉसफेटचे गेट भरायला जास्त चार्ज लागतो, स्विचिंग मंदावते आणि तो आणखी तापतो. मूळ नंबरच लावा, आणि पहिल्यांदा चालू करताना सिरीज बल्ब हवाच.

प्रश्न : पाण्याच्या आरओच्या २४ व्होल्ट अडीच ॲम्पिअरच्या अडॅप्टरची लाईट लागते, मीटरवर २४ व्होल्ट येतात, पण पंप उचलत नाही. थंडीत सकाळी जास्त त्रास. अडॅप्टर ठीक आणि पंप खराब, असे समजावे का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. थंडीचा उल्लेख तुम्ही केलात हे फार बरे झाले. दोष बहुधा तिथेच कळतो.

लोड नसताना मीटरवर आलेले २४ व्होल्ट फारसे काही सांगत नाहीत. गाडीच्या इंडिकेटरचे १२ व्होल्ट २१ वॅटचे दोन बल्ब सिरीजमध्ये जोडा, म्हणजे पावणेदोन ॲम्पिअरचे लोड मिळेल. थंड फिलामेंट सुरुवातीला बराच जास्त करंट ओढते, त्यामुळे जोडताच अडॅप्टर एकदा अडखळून सावरला तर तो दोष धरू नका. व्होल्टेज दोन-तीनने पडून राहिले किंवा टिकटिक चालूच राहिली, तर अडॅप्टर खराब.

कारण बहुतेक वेळा आउटपुटचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. आतले द्रव सुकते तशी त्याची ईएसआर, म्हणजे आतला सिरीज रेझिस्टन्स वाढतो. कपॅसिटन्स मात्र बराच काळ टिकतो. म्हणूनच मीटर १००० च्या जागी ९०० दाखवतो आणि आपण भाग चांगला समजतो. चांगल्या १००० मायक्रोफॅरड ३५ व्होल्टच्या लो-ईएसआर कपॅसिटरचा ईएसआर ओहमच्या काही शतांशांत असतो. तो अर्ध्या ओहमवर गेला की कपॅसिटर निकामी. थंडीत ईएसआर आणखी वाढतो. खात्री करायची तर फक्त त्या कपॅसिटरवर हेअर ड्रायरने मिनिटभर गरम हवा सोडा. अडॅप्टर सुरळीत चालू लागला, तर उत्तर मिळाले.

बदलताना १०५ अंशांचा, लो-ईएसआर आणि ३५ व्होल्टचाच घ्या. २४ व्होल्टवर २५ व्होल्टचा फार काठावर येतो. पट्टीची बाजू उणे. त्याच बैठकीत ट्रान्सफॉर्मरजवळचा २२ किंवा ४७ मायक्रोफॅरड ५० व्होल्टचा छोटा कपॅसिटरही बदला. तोच आयसीला जागा ठेवतो, आणि गरम हीटसिंकला चिकटून बसलेला असल्याने लवकर सुकतो. भागांभोवती पिवळा डिंक तपकिरी झालेला दिसला तर खरवडून काढा. जुना झाला की तो वीज वाहू देतो.

प्रश्न : डेस्कटॉप कॉम्प्युटरचा प्लग रात्रभर बंद ठेवला की सकाळी सुरू होत नाही. प्लग चालूच ठेवला तर काही अडचण नाही. — एक वाचक, फोंडा

उत्तर : स्टँडबाय सप्लाय, म्हणजे मशीन बंद असतानाही चालू राहणारा ५ व्होल्टचा छोटा सप्लाय, थकला आहे. जांभळ्या आणि काळ्या वायरीत ४.७५ ते ५.२५ व्होल्ट हवेत. सकाळी, मशीन थंड असताना मोजा. कमी किंवा डळमळते असेल, तर स्टँडबायच्या छोट्या ट्रान्सफॉर्मरभोवतीचे इलेक्ट्रोलिटिक बदला, दोन्ही बाजूंचे. पुढे ढकलू नका : काही जुन्या रचनांमध्ये प्रायमरीकडचा छोटा कपॅसिटर सुकला की जांभळ्या वायरीवरचे व्होल्टेज कमी होण्याऐवजी चढते आणि मदरबोर्ड घेऊन जाते. दुरुस्तीनंतर मदरबोर्डाला न जोडता हिरवी वायर काळीला टेकवा, पंखा फिरला पाहिजे. पिवळीवर १२, लाल वायरीवर ५ आणि नारिंगीवर ३.३ व्होल्ट, प्रत्येकी पाच टक्क्यांच्या आत.

प्रश्न : दुरुस्तीनंतर एसएमपीएसच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात. वायरमन म्हणतो, दोन निळे कपॅसिटर काढून टाका. — एक वाचक, बडोदे

उत्तर : काढू नका. ते वाय कपॅसिटर आहेत, स्विचिंगचा गोंगाट अर्थिंगकडे वळवण्यासाठी. अर्थिंग तुटलेले असेल तर फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये राहून ते पत्र्यावर सुमारे ११५ व्होल्ट आणतात. २.२ नॅनोफॅरडमधून येणारा करंट मिलिअॅम्पिअरच्या पाचव्या भागाहूनही कमी असतो, म्हणून फक्त झिणझिण्या. आधी सॉकेटचे अर्थिंग तपासा, मग पत्र्याचा अर्थचा स्क्रू आणि कॉर्डची तिसरी पिन. अर्थिंग ठीक असूनही झटका जोराचा असेल तर बोर्ड बंद ठेवा आणि मॉसफेटचे पॅड फाटले आहे का ते पाहा. वाय कपॅसिटर बदलावाच लागला, तर त्यावर वाय१ किंवा वाय२ छापलेले असले पाहिजे. साधा सिरॅमिक, कितीही व्होल्टचा असला तरी, तिथे चालत नाही. तो शॉर्ट झाला तर फेज थेट पत्र्यावर येईल.

प्रश्न : लॅमिंग्टन रोड किंवा बुधवार पेठेतून कपॅसिटर घेताना नकली कसा ओळखायचा? — एक वाचक, पनवेल

उत्तर : काही नकली कपॅसिटरमध्ये मोठ्या डब्यात लहान कपॅसिटर बसवलेला असतो. हातात घेऊन त्याच मापाच्या चांगल्या कपॅसिटरशी वजन ताडून पाहा. पाय खरवडलेले किंवा सोल्डर लागलेले असतील तर तो जुन्या बोर्डावरचा आहे, परत द्या. एक नग घरी आणून ईएसआर मीटरवर तपासा, मग बाकीचे घ्या. दुकानदार अजूनही ‘कंडेन्सर’ म्हणतात. मागताना ‘एसएमपीएसचा, लो-ईएसआर, १०५ डिग्री’ एवढे सांगा, नाहीतर ८५ अंशांचा साधा हातात पडतो.