पायांची आग आणि बधिरपणा: नव्या मधुमेहींसाठी

डॉक्टरांनी नुकतीच न्यूरोपथी (मधुमेहामुळे नसांना झालेली इजा) सांगितली असेल, तर आधी हे ऐका: आगीपेक्षा बधिरपणाला जास्त घाबरा. आग, मुंग्या झोप मोडतात खऱ्या, पण प्रीगाबालिन किंवा ड्युलॉक्सेटिनसारख्या गोळ्यांनी बऱ्याच जणांना उतार पडतो (डोस डॉक्टरांनी ठरवायचा, शेजारच्या मामांनी नाही). बधिर पाय मात्र तक्रारच करत नाही. खडा टोचला, फोड आला, पत्ताच नसतो.

म्हणून रोज रात्री तळवे बघा. वाकता येत नसेल तर खाली आरसा ठेवा. क्रीम टाचांना लावा, बोटांच्या बेचक्यांत नको. त्या कोरड्याच हव्यात. कुरूप ब्लेडने कापायचं नाही. गरम पाण्याची पिशवी तर नाहीच नाही.

आपल्या इंदूरला खरी पंचाईत देवळांत होते. मे महिन्यात भर दुपारी खजरान्याच्या गणपतीला जाऊ नका. फरशी तापलेली असते आणि चटका कळत नाही. सकाळी जा, जाड सुती मोजे घालून. घरातही मऊ एमसीआर (खास मऊ रबराच्या) चपला वापरा.

वर्षातून एकदा तरी 10 ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने (स्पर्श कळतो का ते बघायचा नायलॉनचा बारीक धागा) पाय तपासून घ्या. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर रक्तातलं बी-12 जीवनसत्त्व सुद्धा. ते कमी पडलं तरी अशाच मुंग्या येतात.

सराफ्यात (इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात) गेलात तर भुट्ट्याचा कीस अर्धी प्लेट, जलेबा (मोठी जिलेबी) नुसता बघायचा. आणि पायाला जखम दिसली की हळद भरून वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा.