एकटीनंच जायचंय, समुद्रापाशी

प्रश्न : मी ५४ वर्षांची, डोंबिवलीला राहते. सासूबाई दोन वर्षं अंथरुणाला खिळून होत्या, सगळं मीच केलं, मे महिन्यात त्या गेल्या. आता घर रिकामं वाटतं आणि झोपेचं गणितच बिघडलंय, रात्री दोनला त्यांच्या गोळीची वेळ झाली म्हणून अजूनही दचकून उठते. ऑक्टोबरात चार दिवस समुद्राजवळ कुठेतरी एकटीनं जावं असं वाटतंय, जंगल, पक्षी असं काही असलं तर उत्तमच. कासवांची पिल्लं बघायची फार इच्छा आहे. मुलगा म्हणतो बायकांच्या ग्रुप टूरबरोबर जा. मला ग्रुप नकोय. चुकतेय का मी?

उत्तर : ताई, चूक कसली त्यात! दोन वर्षं दुसऱ्याच्या घड्याळावर काढल्यावर परत सकाळी सहाला कोणीतरी शिट्टी मारून "चला, बस सुटतेय" म्हणायला कशाला हवंय. मुलाला काळजी वाटते ते ठीकच आहे, त्याला रोज रात्री एक मेसेज टाका, झालं.

आधी वाईट बातमी सांगून टाकते. ऑक्टोबरात पिल्लं दिसणार नाहीत. कोकणात कासवाच्या माद्या अंडी घालायला साधारण नोव्हेंबरपासून यायला लागतात, मग ती अंडी वाळूत पन्नासेक दिवस राहतात, म्हणून वेळासला, आंजर्ल्याला पिल्लं बघायला लोक फेब्रुवारी-मार्चमध्ये जातात. ते पुढच्या वर्षासाठी ठेवा.

आत्तासाठी माझं मत विचाराल तर फणसाड. रायगड जिल्ह्यातलं मुरुड, तिथलं अभयारण्य, १९८६ साली जाहीर झालेलं, तसं लहानसंच. पूर्वी ही जंजिऱ्याच्या नवाबाची शिकारीची जागा होती आणि त्यामुळेच जंगल टिकलं, गंमतच आहे. जंगलापासून थोडं खाली उतरलं की नांदगाव, काशीद, मुरुडचे किनारे, म्हणजे सकाळी झाडं आणि संध्याकाळी लाटा, मुक्काम न हलवता. चार दिवसांत चार गावं करायची हौस असली तर ती याच वेळी मोडून टाका, एकाच घरात चारही रात्री राहायचं. आणि बुकिंग करताना नीट बघा हो, मुरुड दोन आहेत, दुसरं दापोलीकडचं हर्णैजवळचं, माझी एक मैत्रीण चुकीच्या मुरुडला पैसे भरून बसली होती.

फणसाडमध्ये पाणवठ्यांना गाण म्हणतात. सुपेगावच्या बाजूनं आत शिरायचं, गावातला माहीतगार माणूस बरोबर घ्यायचाच, जंगलात एकटीनं हिंडायचं नाही, बिबट्या आहे तिथे आणि फोनच्या रेंजचा भरवसा नाही. त्या माणसाला आधीच सांगून ठेवा की मला दहा पॉइंट बघायचे नाहीत, एका गाणापाशी तासभर गप्प बसायचंय. तो जरा विचित्र नजरेनं बघेल, बघू दे. मी बसले होते तेव्हा पहिली वीस मिनिटं डासांशिवाय काही नाही, मग वर फांदीवरून कसला तरी भुगा पडायला लागला, मान वर केली तर शेकरू, मागच्या पायांनी फांदी धरून उलटं लोंबकळत पुढच्या दोन हातांनी फळ फिरवून फिरवून खात होतं, आणि त्याची ती झुबकेदार शेपटी वजनाला लावल्यासारखी पलीकडे लोंबत होती. आपलं राज्यप्राणी खरं पण मी तोवर फक्त पोस्टरवर बघितलेलं. पावसानंतर फुलपाखरंही भरपूर असतात, काळ्या पंखांवर निळं दिसलं तर ती राणी पाकोळी, २०१५ पासून आपलं राज्य फुलपाखरू.

आता किनारा. काशीदला पाण्यात उतरू नका, तिथे ओढ फार आहे, दरवर्षी कोणीतरी "जरा गुडघ्यापर्यंत" म्हणत जातं. आणि भरती-ओहोटीसाठी अॅप नको, कालनिर्णय पुरे. जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ निघते. पंचमी असेल तर पाचाचे पाऊण म्हणजे पावणेचार, म्हणून ओहोटी सकाळी दहाच्या आसपास. थोडं मागेपुढे होतं पण काम भागतं. ओहोटीच्या ओल्या वाळूवर हरभऱ्याएवढ्या गोळ्यांची रांगोळी दिसेल, मध्ये एक भोक आणि चहूकडे रेघा. जवळ जाऊन हलू नका, पाचेक मिनिटांत नखाएवढा खेकडा बाहेर येतो, वाळू तोंडात घालतो, त्यातलं खाण्यासारखं चाटून घेतो आणि उरलेली गोळी करून मागे टाकतो. हेच, दिवसभर. मी पाऊण तास बघत बसले आणि मान भाजली, ऑक्टोबर हीट काय असते ते तुम्हाला माहीतच आहे, टोपी विसरू नका.

कोजागिरी ते दिवाळी या मधल्या दिवसांत जा, सोमवार ते गुरुवार. दसऱ्याची जोडून सुट्टी आणि दिवाळीची गर्दी दोन्ही टळते. डोंबिवलीहून सोपं म्हणजे दिव्याहून रोह्याची मेमू आणि पुढे एसटी नाहीतर रिक्षा, वेळा आधी बघून ठेवा. समुद्रावरूनच जायचं मनात असेल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो बोट, मग अलिबागहून मुरुडची एसटी. एसटीला आपल्याला बायकांना अर्धं तिकीट आहेच.

राहायला घरगुती जागा बघा, फोनवर आधीच सांगा की एकटी येतेय. मला एका ठिकाणी दारातून परत पाठवलं होतं, "एकट्या बाईला आम्ही देत नाही", रात्री आठ वाजता! म्हणून आधीच विचारा. फोन त्या घरातल्या काकूंनी घेतला तर निम्मं काम झालं. जेवणात वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी आणि खात असाल तर बांगडा सांगून ठेवा.

आणि ते रात्री दोनचं उठणं. ते चार दिवसांत जाईल असं मी म्हणणार नाही, घरी आल्यावरही महिनाभर तसंच राहिलं तर डॉक्टरांना दाखवा. पण वद्य पंचमीच्या आसपास गेलात तर त्या वेळी चंद्र चांगला वर असतो आणि भरती चढत असते, शाल घेऊन पडवीत बसा, कोणाला काही द्यायचं नाहीये. झोप आली तर तिथेच खुर्चीत झोपा, काकूंना सांगून ठेवलंत म्हणजे त्या घाबरणार नाहीत.

प्रश्न : समुद्रकिनारी पक्षी बघायला मोठा कॅमेरा घ्यावा का? पक्ष्यांतलं काही कळत नाही. (वाचक, सांगली)

उत्तर : नको हो. आठ बाय बेचाळीसची (8x42 असं तिच्यावर लिहिलेलं असतं) दुर्बीण घ्या, तीही आधी कोणाची मागून वापरून बघा. ऑक्टोबरात थंडीतले पाहुणे नुकते यायला लागलेले असतात, वाळूवर दोन पावलं पळून एकदम थांबणारा तो चिखल्या, एवढं ओळखता आलं तरी पहिल्या खेपेला पुष्कळ. कुरवांचा, म्हणजे सीगल पक्ष्यांचा, थवा बसलेला असेल तर रील काढायला त्यात पळत जाऊ नका, बिचारे हजारो किलोमीटर उडून आलेले असतात.