टॉवरच्या आराखड्यावर समितीचे शेरे आलेत, बदल कुठून सुरू करू?

तळमजल्यापासून. काचा, रंग नंतर. आक्षेप बहुतेकदा इमारत जमिनीला टेकते तिथेच असतो. लंडनच्या ‘१ अंडरशाफ्ट’ या नियोजित टॉवरचं बघा: ७४ मजली, जवळपास ३१० मीटर. जुलै २०२४ मध्ये तिथल्या नियोजन समितीने निर्णय पुढे ढकलला, कारण पायथ्याशी असलेल्या सेंट हेलेन्स चौकातली मोकळी जागा कमी होत होती. अकराव्या मजल्यावर बाग देऊ केली होती, तरीही. पायथा बदलून चौकाला जागा परत दिली आणि डिसेंबरात मंजुरी मिळाली. उंची तीच राहिली.

तेव्हा आधी रस्त्यापासून दुकानाच्या दारापर्यंतचा छेद (इमारत उभी कापल्यावर दिसेल तसं चित्र) १:५० या प्रमाणात काढा. पायरी, छज्जा, बाक, पार्किंगचा रॅम्प, सगळं दिसू द्या. रहिवाशांचं दार आणि दुकानांचा माल उतरवायची जागा शेजारी-शेजारी आली असेल, तर पहिल्यांदा तो गुंता सोडवा.