गच्चीवरून केलेला तो व्हिडिओ कॉल

दोह्याहून एका आईचं लांबलचक पत्र आलं आहे. मुलगा नागपुरात, हिंगणा रोडवरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात पहिल्या वर्षाला, होस्टेलवर. जन्म आणि शाळा दोह्यातली. नागपूर त्याला माहीत आहे ते सुट्टीत आजीकडे घालवलेल्या तीन-तीन आठवड्यांपुरतं. आईनं विचारलंय ऊन किती लागेल, पूर आला तर काय, रात्री उशिरा लायब्ररीतून एकट्यानं परतणं कितपत सुरक्षित, रॅगिंग होतं का, मेसचं पाणी कसं असतं. आणि हेही, की "आमच्या इथे शाळेत ड्रिल व्हायची, सायरन वाजला की कुठे जमायचं हे पोरांना पाठ असायचं. नागपूरच्या कॉलेजात असं काही असतं का हो काकू?"

या सगळ्या प्रश्नांच्या मधोमध, काळजी म्हणून नाही तर कौतुक म्हणून, चार ओळी आहेत. जशाच्या तशा देते: "परवा संध्याकाळी अवकाळी पाऊस आला तेव्हा त्यानं होस्टेलच्या गच्चीवरून व्हिडिओ कॉल केला. काय विजा होत्या! आम्हाला इथे कुठे बघायला मिळतात. मीच म्हटलं, फोन वर धर, बाबांना पण दाखव. अर्धा तास आम्ही बघत होतो."

बाई, त्या चार ओळी वाचून माझ्या हातातला चहा गार झाला. तुम्ही मला काकू म्हणता, म्हणून हक्कानं रागावते. बाकीच्या प्रश्नांकडे मी येईन, पण आधी त्या गच्चीवरून त्याला खाली उतरवू या.

तुमचा दोष नाही, हेही सांगते. आखातात वर्षाकाठी मोजके दिवस पाऊस पडतो, तोही सणासारखा. पावसाचा थेंब आला की फोन घेऊन बाहेर पळायचं, हेच तुमच्या मुलानं लहानपणापासून पाहिलं. विदर्भात एप्रिल-मे महिन्यात दिवसभर तापून संध्याकाळी जे ढग चढतात, ते काय चीज आहे हे त्याला कोण सांगणार? सांगायचं ते आपण. तुम्ही मात्र "दाखव" म्हणालात.

तुमच्या पत्रात उन्हाचा उल्लेख अकरा वेळा आहे, मी मोजला. विजेचा एकदाच, आणि तोही आनंदानं. आता राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा अपघाती मृत्यूंचा अहवाल बघा. २०२२ साली देशात वीज पडून २,८८७ माणसं गेली, उष्माघातानं ७३०. उष्माघाताचे मृत्यू नीट नोंदले जात नाहीत हे मला मान्य आहे. तरीही, निसर्गाच्या कोपानं जाणाऱ्या माणसांत आपल्या देशात सर्वांत जास्त माणसं विजेनं जातात, आणि नेमकी तिचीच भीती आपल्या सुशिक्षित घरांतून गेली आहे. वीज शेतकऱ्यावर पडते, आपल्यावर नाही, असं काहीतरी आपण मनात धरून चालतो.

माझ्या धाकट्या मामांचं शेत काटोलकडे होतं. मी बारा वर्षांची असताना मृगाच्या तोंडावर ते आणि गडी पेरणीची तयारी करत होते. पाऊस आला म्हणून दोघं चिंचेखाली गेले. मामा झाडाला टेकलेही नव्हते, दोन हात लांब उभे होते. वीज झाडावर आली आणि झाडावरून त्यांच्या अंगावर. गडी वाचला. मामा खाली पडले तेव्हा आजूबाजूचे लोक धावले, पण ओरडत होते, "हात नका लावू, अंगात करंट असंल!" कोणी शिवलं नाही. बैलगाडी जुंपून तालुक्याला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. पुढे कित्येक वर्षांनी मी प्रथमोपचाराचं शिक्षण घेतलं तेव्हा मला कळलं, की वीज लागलेल्या माणसाच्या अंगात करंट राहत नाही. त्याला लगेच हात लावता येतो, लावायलाच हवा. श्वास आणि नाडी थांबली असेल तर छाती दाबायला सुरुवात करायची, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि दुसऱ्यानं १०८ ला फोन करून ॲम्ब्युलन्स बोलवायची. विजेनं बंद पडलेलं हृदय वेळेवर मदत मिळाली तर पुन्हा सुरू होऊ शकतं. माझी आजी त्या दिवसानंतर वीस वर्षं जगली. तिला ही गोष्ट मी कधी सांगितली नाही.

नंतर लग्न होऊन आम्ही शिकागोच्या उपनगरात चौदा वर्षं काढली. इलिनॉयमध्ये दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सकाळी दहाला वादळाच्या सायरनची चाचणी होते. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी पोळ्या टाकून तळघरात पळाले होते. पण मला जास्त शिकवलं ते मुलांच्या सॉकरच्या मैदानानं. लांब कुठेतरी गडगडलं की रेफ्री शिट्टी मारायचा, सामना किती का रंगात असेना. सगळी मुलं गाड्यांत किंवा शाळेच्या इमारतीत. शेवटचा गडगडाट ऐकू आल्यापासून तीस मिनिटं घड्याळ लावायचं. मध्येच पुन्हा गडगडलं तर पुन्हा शून्यापासून तीस. आम्ही देशी आईबाप कुरकुरायचो, ऊन पडलंय की आता! माझा मुलगा सहा वर्षांचा होता, त्यानं मला समजावलं की पाऊस आपल्याकडे नसला तरी वीज येते.

खरंच येते. पावसाच्या सरीपासून दहा किलोमीटर पुढे, डोक्यावर निळं आभाळ असताना वीज पडू शकते. सीताबर्डी ते विमानतळ अंतर याहून कमी आहे. आवाज एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद घेतो. वीज चमकल्यावर तीस मोजायच्या आत गडगडाट आला, तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. मोजत बसायचीही गरज नाही. ऐकू आलं म्हणजे टप्प्यात आलं, एवढं पुरतं. तुम्ही सायरनचं विचारलंत ना? विदर्भात ढगांचा पहिला गडगडाट हाच सायरन समजायला त्याला सांगा.

आता त्याला नेमकं काय सांगायचं ते. गडगडलं की पक्क्या इमारतीच्या आत जायचं. आत म्हणजे खोलीत. गच्ची नाही, गॅलरी नाही, पोर्च नाही, वऱ्हांड्याचा कठडाही नाही. दुचाकी स्टँडच्या पत्र्याखाली नाही, चहाच्या टपरीच्या ताडपत्रीखाली नाही, आणि झाडाखाली तर मुळीच नाही. दुचाकीवर असेल तर थांबवून जवळच्या दुकानात, बँकेत, एटीएमच्या खोलीत, मिळेल तिथे आत शिरायचं. चारचाकीत, पत्र्याचं छप्पर असेल आणि काचा बंद असतील तर बसून राहायला हरकत नाही. ऑटोरिक्षात मात्र नाही. आत आल्यावर अंघोळ, कपडे धुणं पुढे ढकलायचं, कारण वीज पाण्याच्या नळांतून आणि वायरींतून घरात येते. फोन हातात असला तर चालेल, फोन वीज ओढत नाही. चार्जरला लावून कानाला धरायचा नाही. खिडकीच्या गजांना टेकून उभं राहायचं नाही. आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटं. अपघातांचे किस्से ऐकलेत तर लक्षात येईल, बरेचसे "आता थांबलं वाटतं" म्हणून बाहेर पडलेल्यांचे असतात.

मोकळ्या मैदानात अडकलाच तर? तिथे सुरक्षित अशी जागा नसते, हे त्याला खरं सांगा. उंचवटा, पाणी, तारेचं कुंपण आणि एकटं झाड यांच्यापासून लांब व्हायचं, आडवं पडायचं नाही, मित्रांनी घोळका न करता अंतर ठेवायचं आणि इमारतीकडे पळत राहायचं. घोळक्यात एकावर पडलेली वीज जमिनीतून बाकीच्यांना लागते.

होस्टेलची गच्ची मला का इतकी खुपते तेही सांगते. बहुतेक होस्टेलांत गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी, मोबाइलची रेंज बरी मिळते. म्हणून घरी फोन करायला पोरं तिथेच जातात. आईशी बोलायला म्हणून गेलेलं पोरगं, लोखंडी शिडीला पाठ लावून, आसपासच्या सगळ्यांत उंच जागी उभं. "वर लायटनिंग अरेस्टर आहे की" असं तो म्हणेल, इंजिनिअरिंगचा मुलगा आहे. तो अरेस्टर इमारत वाचवायला असतो, गच्चीवर उभ्या माणसाला नाही. शिवाय खाली जमिनीत जाणारी पट्टी अखंड आहे का हे कोणी शेवटचं कधी पाहिलं?

आम्ही नागपूरला परतलो त्यानंतरची गोष्ट. माझा भाचा इथल्याच एका कॉलेजात. आंतरवर्गीय क्रिकेटचा सामना चालू, पश्चिमेला काळंभोर झालेलं, गडगडतंय, आणि कोणी हलायला तयार नाही. शेवटी पाऊस आला तेव्हा पाच जण दुचाकी स्टँडच्या पत्र्याखाली जाऊन उभे राहिले. वीज मैदानाच्या कडेच्या कडुनिंबावर पडली, साल वरपासून खालपर्यंत सोलून निघाली. देवाची कृपा, कोणाला काही झालं नाही. एका मुलाच्या कानात मात्र कित्येक दिवस आवाज घुमत राहिला. मी दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेले आणि विचारलं, सामना थांबवायचा अधिकार कोणाकडे आहे? उत्तर मिळालं, "मॅडम, दोनच ओव्हर राहिले होते." मी तीन वेळा गेले, अर्ज दिला. एक शिट्टी आणि एक जबाबदार माणूस, एवढंच मागत होते. तेही झालं नाही. म्हणून मी कॉलेजच्या भरवशावर न राहता प्रत्येक आईबापाला हे सांगत सुटते.

त्याच्या फोनमध्ये 'दामिनी' ॲप आजच टाकायला लावा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेनं केलेलं आहे. आपल्या आसपास गेल्या काही मिनिटांत कुठे वीज पडली ते त्यात दिसतं. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं 'सचेत' ॲपही आहे, त्यात मराठीत इशारे वाचता येतात. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचे पुढच्या तीन तासांचे अंदाज येतात, तेही बघायची सवय लावा. आणि तुम्ही स्वतः? दोह्यात साडेतीन वाजतात तेव्हा इथे संध्याकाळचे सहा झालेले असतात. एप्रिल ते जून ही वेळ अवकाळीची आणि वळवाची. कॉल लागला आणि मागे गडगडाट ऐकू आला, तर पहिलं वाक्य "तू कुठे उभा आहेस?" हे असू द्या. खोलीत नसेल तर फोन ठेवा. रेंज नाही, आवाज तुटतोय, काही झालं तरी ठेवा. अर्ध्या तासानं बोला.

आता बाकीचं. ऊन: २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं, हे खरं. ३० मे २०२४ ला ५६ अंशांची जी बातमी तुम्ही चिकटवली आहे ती एका स्वयंचलित केंद्राच्या बिघडलेल्या सेन्सरची, तसं हवामान खात्यानंच सांगितलं. दुपारी बारा ते चार बाहेर नको, डोक्याला-कानाला सुती दुपट्टा, पाणी, ताक, पन्हं. चक्कर, उलटी, बरळणं, तापलेलं अंग असं काही दिसलं तर सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतायचं आणि १०८. इथली पोरं हे एकमेकांना शिकवतात, तोही शिकेल.

पूर: २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं, लष्कर बोलवावं लागलं. झोपेतल्या लोकांना कळायच्या आत तळमजले भरले होते. पुढच्या वर्षी बाहेर खोली घेणार असेल तर नदीनाल्याकाठचा तळमजला नको. वाहत्या पाण्यातून दुचाकी घालायची नाही.

रात्रीची ये-जा दोघा-तिघांनी मिळून करावी, हेल्मेट घालून, आणि ११२ हा नंबर पाठ असावा. रॅगिंगसाठी १८००-१८०-५५२२ ही देशभराची हेल्पलाइन आहे, तक्रार करायला घाबरू नये. वॉर्डनचा नंबर तुमच्याकडे नाही असं तुम्ही लिहिलंत. मुलगा वर्ष संपवत आला आणि वॉर्डनचा नंबर नाही? आजच मागून घ्या. आजीचाही नंबर वॉर्डनला द्या, रात्री-बेरात्री दोह्यापेक्षा तिचं महाल भागातलं घर जवळ आहे. मेसचं पाणी फिल्टरचं आहे का ते त्यालाच बघायला सांगा.

जूनमध्ये येताय तेव्हा होस्टेलच्या सगळ्यात वरच्या मजल्यापर्यंत स्वतः जिना चढून जा. गच्चीच्या दाराला कडी आहे का, गडगडलं की ती लावायचं काम कोणाचं, हे वॉर्डनना विचारा. नीट उत्तर मिळालं नाही तर मला कळवा. मी धरमपेठेत राहते, तुमच्याबरोबर येईन.