वटवाघळाच्या अंगावरचे किडे आणि आतले रोगजंतू : ओळख, नमुने आणि खरा धोका

प्रश्न थोडक्यात असा : सर्वेक्षणात धरलेल्या वटवाघळाच्या केसांत कोळ्यासारखा बिनपंखी किडा पळताना दिसला, पंखाच्या पटलावर बारीक काळपट ठिपके सरकत होते आणि एकाच्या कानाच्या कडेला नारिंगी पुंजका चिकटलेला होता. हे काय आहे, नमुने कसे घ्यायचे, आणि यातून माणसाला काही होतं का?

आधी शेवटच्या भागाबद्दल. तुम्हाला दिसलेले हे तिन्ही जीव वटवाघळावर जगतात, त्यांना तुमच्यात फारसा रस नाही. माणसाला ज्यांच्यापासून धोका आहे ते लाळेत, लघवीत आणि विष्ठेच्या धुळीत असतात, आणि ते दिसत नाहीत. किडे पाहून दचकायचं आणि पुढचं वटवाघूळ मात्र उघड्या हाताने धरायचं, हा प्रकार सर्वेक्षणांत सर्रास चालतो. तो आधी थांबवा.

कोळ्यासारखा दिसणारा किडा म्हणजे वटवाघूळ-माशी, निक्टेरिबिडी कुळातली. तिला पंख नसतात, सहा पाय लांब असतात आणि डोकं मागे वळून छातीवरच्या खाचेत बसतं. त्यामुळे पहिल्या नजरेत डोकंच सापडत नाही आणि लोक तिला कोळी समजतात. पाय मोजा, सहा भरले की प्रश्न मिटला. हिचीच जवळची नातेवाईक असलेल्या स्ट्रेब्लिडी कुळातल्या बऱ्याच माश्यांना पंख असतात आणि त्या केसांतून आडव्या धावतात. दोन्ही कुळांत नर आणि मादी दोघंही फक्त रक्तावर जगतात.

या माशीचं जीवनचक्र नीट समजून घ्या, कारण नमुन्यांची बरीच गणितं त्यावर चालतात. मादी अंडी घालत नाही. एका वेळी एकच अळी तिच्या पोटात ग्रंथींच्या दुधावर वाढते. अळी पूर्ण वाढली की मादी वटवाघळाला सोडून मुक्कामाच्या भिंतीवर उतरते, अळी तिथे चिकटवते आणि परत वटवाघळावर जाते. अळीचा लगेच कोष होतो आणि तापमानाप्रमाणे साधारण ३ ते ४ आठवड्यांनी त्यातून माशी बाहेर पडते. म्हणून वर्षानुवर्षं एकाच भिंतीला लटकणाऱ्या वटवाघळांवर या माश्या जास्त सापडतात आणि झाडाच्या पानांत जागा बदलत राहणाऱ्यांवर कमी. भिंतीवर चपटे, गोलसर, गडद तपकिरी, चकचकीत दाणे दिसले तर ते हेच कोष. त्यांचा फोटो आणि जागा नोंदवा, खरवडू नका.

सरकणारे ठिपके म्हणजे पंखावरचे माइट (कोळ्यांच्या नात्यातले अगदी बारीक जीव), बहुतेक स्पिंटर्निसिडी कुळातले. जाड आखूड पाय, टोकाला मोठ्या नख्या आणि पटलाच्या घडीत बसण्याची सवय यावरून ओळखू येतात. यांचं सगळं आयुष्य वटवाघळाच्या अंगावरच जातं, एकावरून दुसऱ्यावर जाण्यासाठी अंगाला अंग लागावं लागतं. त्यामुळे पिल्लांच्या वसाहतीत, गाभण आणि दूध पाजणाऱ्या माद्यांवर त्यांची संख्या सर्वांत जास्त असते. ऋतू आणि मादीची अवस्था न नोंदवता दोन ठिकाणच्या माइटांच्या संख्येची तुलना केली तर तिला काही अर्थ राहत नाही. फळं खाणाऱ्या काही वटवाघळांत याच कुळातले अँसिस्ट्रोपस डोळ्याच्या पापणीला धरून बसतात. तिथे चिमटा नेऊ नका, फोटो पुरे.

कानावरचा नारिंगी पुंजका म्हणजे ट्रॉम्बिक्युलिडी कुळातल्या माइटांच्या अळ्या. यांची फक्त अळीच परजीवी असते, पुढच्या अवस्था मातीत शिकार करून जगतात. पुंजक्यात डझनावारी अळ्या असतात. सगळ्या काढायचा हट्ट धरू नका. १०-१५ काढा आणि बाकीचा अंदाज लिहा.

याशिवाय पिसवा सापडतील. त्या इस्क्नॉप्सिलिडी या फक्त वटवाघळांवर जगणाऱ्या कुळातल्या असतात आणि त्यांच्या अळ्या खालच्या विष्ठेत वाढतात. मऊ कवचाच्या गोचिडांत अंगावर बहुतेक वेळा फक्त अळ्या दिसतात, मोठे गोचीड भिंतीच्या फटीत राहतात आणि रात्री येऊन पटकन रक्त पिऊन जातात. ढेकूणवर्गीयांचंही असंच, त्यांना अंगावर शोधून उपयोग नाही, फटी पाहा. पटलावर किंवा कानावर न हलणारी टणक गाठ असेल तर ती खाजेच्या माइटांची असू शकते किंवा अस्कोडिप्टेरॉन माशीच्या मादीची. ही मादी कातडीत घुसते, पाय आणि पंख टाकून देते आणि फुगलेल्या कुपीसारखी आतच राहते. अशी गाठ जागेवर फोडायची नाही. उवा मात्र सापडणार नाहीत, वटवाघळांना स्वतःच्या उवा नाहीत. नोंदीत ‘ऊ’ लिहिलेलं दिसलं तर ओळख चुकली आहे असं समजा.

आता नमुने. वटवाघळं धरायला परवाना, प्रशिक्षण आणि रेबीजची आगाऊ लस, तिन्ही लागतात. यातलं एक जरी नसेल तर कोष, विष्ठा आणि फोटो यांवर थांबा.

सर्वांत जास्त घोटाळा होतो तो कापडी पिशव्यांमुळे. एका पिशवीत एकच वटवाघूळ, आणि ती पिशवी धुतल्याशिवाय दुसऱ्याला नाही. वटवाघूळ अस्वस्थ झालं की माश्या त्याला सोडून पिशवीच्या शिवणीत जातात आणि पुढच्याच्या अंगावर चढतात. मग एका जातीची माशी भलत्याच जातीवर ‘सापडते’ आणि चुकीची यजमान-नोंद (कोणता किडा कोणत्या जातीवर जगतो ती) कायमची कागदावर राहते. वटवाघूळ बाहेर काढल्यावर पिशवी उलटी करून शिवणी तपासा आणि तिथे सापडलेले किडे त्याच वटवाघळाच्या नावावर मोजा. घरी आल्यावर पिशव्या ६० अंश सेल्सिअसला धुवा.

शोधण्याचा क्रम आणि वेळ ठरलेली हवी. आधी कान, डोळ्यांचे कोपरे आणि तोंड, मग एकेक पंख पूर्ण उघडून मागून दिव्याचा उजेड, मग शेपटीचं पटल, शेवटी शेपटीकडून डोक्याकडे केसांवर हळू हवा सोडत अंग. हवा रबरी फुग्याने सोडा, तोंडाने फुंकर मारू नका. प्रत्येक वटवाघळाला समान वेळ, समजा ३ मिनिटं, आणि शक्यतो तोच शोधणारा. गाभण आणि दूध पाजणाऱ्या माद्या आधी तपासून आधी सोडा. थंडीत सुप्तावस्थेत असलेलं वटवाघूळ किड्यांसाठी कधीही उठवू नका, प्रत्येक जागेपणी त्याची साठवलेली चरबी जळते.

माश्या बोथट, मऊ चिमट्याने पायांऐवजी छातीला धरून उचला. माइटांसाठी बारीक ब्रश अल्कोहोलमध्ये बुडवून, टिपकागदावर निथळून मग टेकवा, माइट आपोआप चिकटून येतो. अल्कोहोलचा थेंब पटलावर, जखमेवर किंवा डोळ्यात जाऊ देऊ नका. गोचिडाची अळी तोंडाच्या अगदी जवळ धरून सरळ ओढा, पिळू नका. जोर लावावा लागत असेल तर सोडून द्या, पटल फाटलं तर वटवाघळाला इजा होते.

एका वटवाघळासाठी एक कुपी, १.५ मिलीची, झाकणात रबरी कडं असलेली. डीएनए काढायचा असेल तर ९५-९६ टक्के इथेनॉल लागतं. ७० टक्क्यांत शरीर मऊ राहतं आणि स्लाइड चांगली होते, पण डीएनए हळूहळू खराब होतो. ९६ टक्क्यांतल्या माश्यांचे पाय कडक होऊन मोडतात, म्हणून दोन-तीन माश्या असतील तर एखादी ७० टक्क्यांत वेगळी ठेवा. विषाणूंचा आरएनए पाहायचा असेल तर थंड साखळी आरंभापासून हवी, ती नंतर जोडता येत नाही. चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहून कुपीच्या आत टाका. बॉलपेनची शाई इथेनॉलमध्ये विरघळते आणि बाहेरचं लेबल गळलेल्या थेंबाने पुसलं जातं. चिठ्ठीवर तारीख, जागेचे अक्षांश-रेखांश, जात, लिंग, वय, प्रजननाची अवस्था, अग्रबाहूची (कोपर ते मनगट) लांबी आणि किडा शरीरावर नेमका कुठे होता, एवढं लिहा. शेवटची नोंद सगळे वगळतात. ओळख पटवताना निम्मं काम तीच करते.

स्लाइडसाठी माइट लॅक्टिक आम्लात पारदर्शक करून हॉयरच्या माध्यमात (नमुना काचेवर पक्का धरून ठेवणाऱ्या द्रवात) बसवतात. माश्यांना १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये सामान्य तापमानाला रात्रभर ठेवतात. घाईने उकळलं तर नराचे (मादीला धरायचे) पकडीचे अवयव बिघडतात, आणि जात तर त्यांवरूनच ठरते. आधी शरीर न तोडता डीएनए काढून उरलेलं कवच स्लाइडवर घेतलं तर दोन्ही कामं एकाच नमुन्यात होतात.

रक्त घ्यायचंच असेल तर शरीराच्या वजनाच्या १ टक्का ही वरची मर्यादा, म्हणजे १० ग्रॅमच्या वटवाघळाला १०० मायक्रोलिटर. प्रत्यक्षात त्याहून बरंच कमी घ्या. चकतीला, म्हणजे काचपट्टीवर पसरलेल्या रक्ताच्या थराला, एक थेंब पुरतो. पातळ चकती हवेत वाळवून शुद्ध मिथेनॉलमध्ये पक्की करा, मग पीएच ७.२ च्या पाण्यात १० टक्के गिम्सा हा रंग, ३० ते ४० मिनिटं. दमट हवेत चकती उशिरा वाळली की रक्तपेशी आक्रसतात आणि परजीवीसारखे खोटे आकार दिसतात. वटवाघळांतला पॉलिक्रोमोफिलस हा मलेरियाचा भाऊबंद लाल पेशीत फक्त लैंगिक अवस्थेत दिसतो, मलेरियासारख्या विभागणीच्या अवस्था रक्तात शोधत बसू नका. त्याचा प्रसार निक्टेरिबिडी माश्या करतात, त्यांच्या लाळग्रंथींत त्याचे बीजाणू सापडले आहेत.

लाळग्रंथींतला हा पुरावा महत्त्वाचा आहे. माशीच्या पोटात रोगजंतूचा डीएनए मिळाला म्हणजे माशी वाहक ठरत नाही. तिने नुकतंच वटवाघळाचं रक्त प्यायलं आहे, डीएनए त्या रक्तातलाही असू शकतो. माश्यांमध्ये बार्टोनेला हा जिवाणू वारंवार सापडतो, म्हणून ‘माशी रोग पसरवते’ असं लिहिण्याआधी थांबा. वटवाघळाच्या रक्तात प्रतिपिंड सापडले तर त्याचा अर्थ कधीतरी संपर्क आला होता, आज ते विषाणू बाहेर टाकतंय असा नाही. विष्ठेत विषाणूचा आरएनए मिळाला तरी तो जिवंत विषाणूचा पुरावा नाही. आकड्यांतही सावध राहा. परजीवी नेहमी थोड्या यजमानांवर गर्दी करतात, बहुतेकांवर शून्य किंवा एक-दोन असतात. शून्यं वगळून काढलेली सरासरी वेगळी आणि सगळ्यांची वेगळी, कोणती दिली ते लिहा. आणि ३० वटवाघळांत एकही बाधित सापडलं नाही, तरी खरं प्रमाण १० टक्क्यांपर्यंत असू शकतं.

माणसाच्या धोक्यात रेबीज आणि त्याचे सगेसोयरे लिसाव्हायरस सर्वांत वर. निरोगी दिसणाऱ्या, उडणाऱ्या वटवाघळांत प्रमाण साधारणपणे १ टक्क्याहून कमी असतं. जमिनीवर पडलेल्या, दिवसा भरकटणाऱ्या, पकडू देणाऱ्या वटवाघळांत ते कितीतरी जास्त. बारीक दातांचा चावा दिसतही नाही. २००२ साली स्कॉटलंडमध्ये वटवाघळांचं काम करणारी एक व्यक्ती युरोपियन बॅट लिसाव्हायरस-२ ने दगावली, तिने लस घेतलेली नव्हती. आगाऊ लसीचे जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे दोन डोस असतात, दिवस ० आणि ७. चावा, ओरखडा किंवा डोळ्यात लाळ गेली तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पूर्ण १५ मिनिटं धुवा, डोळे नुसत्या पाण्याने, आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. आगाऊ लस झाली असली तरी दिवस ० आणि ३ चे डोस लागतात. झाली नसेल तर पूर्ण लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन). वटवाघळाच्या तपासणीच्या निकालाची वाट पाहत बसू नका. ते मेलं असेल तर डोकं न चेचता थंड ठेवून प्रयोगशाळेला द्या, निदान मेंदूवरून होतं.

दुसरा धोका श्वासाचा. कोरड्या विष्ठेच्या ढिगात हिस्टोप्लाझ्मा बुरशी वाढते आणि पाय पडताच तिचे बीजाणू उडतात. कापडी मास्क इथे कुचकामी. किमान एन-९५, लांब काम असेल तर त्याहून बारीक गाळणारा पी-१००, आणि दाढी असेल तर कडेने हवा शिरते हे लक्षात घ्या. आफ्रिकेत इजिप्शियन रूसेट जातीची वटवाघळं राहतात त्या गुहांत मारबर्ग या जीवघेण्या विषाणूचा धोका आहे. २००७-०८ मध्ये युगांडातल्या पायथन गुहेत जाऊन आलेल्या दोन पर्यटक स्त्रियांना तो झाला, त्यांतली एक गेली.

उलट दिशेचा धोका वटवाघळांना आपल्यापासून आहे, आणि तो तितकाच गंभीर मानायला हवा. व्हाइट-नोज रोगाची (यात नाकावर पांढरी बुरशी दिसते) बुरशी उत्तर अमेरिकेत २००६ साली न्यूयॉर्क राज्यातल्या गुहेत पहिल्यांदा दिसली आणि तिने लाखो वटवाघळं मारली. ती थंडीत वाढते, सुमारे २० अंशांपुढे वाढत नाही. त्यामुळे उबदार मुक्कामातल्या नाकावरच्या पांढऱ्या भुकटीला लगेच हे नाव देऊ नका. कपडे, दोर आणि बूट आधी चिखल घासून काढून मग ५५ अंशांच्या पाण्यात पूर्ण बुडवून किमान २० मिनिटं ठेवा. चिखल राहिला तर पुढची सगळी मेहनत वाया जाते. गरम पाणी सोसत नाही ते सामान एका गुहेपुरतंच ठेवा.

तुमच्या किड्यांची जात सांगायला प्रश्नासोबत दिलेले फोटो पुरणार नाहीत. माशीचे वरून आणि खालून असे दोन फोटो मोजपट्टीसह टाका, उदराच्या खालच्या बाजूचा केसांचा कंगवा आणि डोळे आहेत की नाहीत हे स्पष्ट दिसेल असे. सोबत वटवाघळाची जात आणि अग्रबाहूची लांबी द्या, तेवढ्यावर निदान वंशापर्यंत तरी पोहोचता येईल.