कापसाच्या पाकिटावर कंपनीचा हक्क कुठपर्यंत? खानदेशातील शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे

शेतकरी बंधू-भगिनींनो, खरीपपूर्व बैठकांमध्ये जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून आलेल्या चिठ्ठ्यांपैकी बऱ्याच चिठ्ठ्या या वेळी कीड किंवा खताच्या मात्रेबद्दल नव्हत्या. बियाण्यावर कंपनीचा हक्क नेमका किती, त्या हक्काच्या नावाखाली दुकानदार आपल्याला काय काय घ्यायला लावू शकतो आणि दाद कोणाकडे मागायची, असे प्रश्न त्यांत होते. हा विषय पेटंट कायदा आणि स्पर्धा कायदा यांच्या सीमेवरचा असल्याने त्याची उत्तरे एका ओळीत देता येत नाहीत, म्हणून ती येथे सविस्तर देत आहे.

चोपडा तालुक्यातील एका शेतकऱ्याने विचारले आहे की, बीटी कापसाच्या (बोंडअळीला रोखणारे जनुक घातलेल्या कापसाच्या) पाकिटात अजूनही कंपनीची 'तंत्रज्ञानाची फी' धरलेली असते का, आणि पेटंट असेल तर कंपनी मागेल तो भाव द्यावाच लागतो का.

पहिल्या भागाचे उत्तर 'नाही' असे आहे. बोलगार्ड या बीटी कापसाला देशात २००२ साली मान्यता मिळाली आणि दोन जनुकांच्या बोलगार्ड-२ ला २००६ साली. या दुसऱ्या तंत्रज्ञानाच्या भारतीय पेटंटचा अर्ज १९९९ च्या नोव्हेंबरातला होता. आपल्या कायद्यात पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे असते, त्यामुळे २०१९ च्या नोव्हेंबरात तो हक्क संपला. त्याआधीच केंद्राच्या कापूस बियाणे दर नियंत्रण आदेशाने ही फी टप्प्याटप्प्याने खाली आणली होती. २०१६ साली ती दर पाकिटामागे ४९ रुपये, २०१८ साली ३९, २०१९ साली २० ठरली आणि २०२० पासून शून्य झाली. आज आपण देतो ती किंमत बियाण्याची आहे, तंत्रज्ञानाच्या हक्काची नाही. २०२५ च्या खरिपासाठी बोलगार्ड-२ च्या पाकिटाची कमाल किंमत ९०१ रुपये ठरली होती. ही किंमत दरवर्षी नव्याने जाहीर होते, म्हणून खरेदीपूर्वी त्या वर्षीचा आकडा तालुका कृषी कार्यालयातून विचारून घ्यावा.

दुसऱ्या भागासाठी थोडे मागे जावे लागेल. ज्यांनी २००५ च्या सुमारास कापूस लावला असेल, त्यांना पाकिटाला सोळाशे ते अठराशे रुपये मोजल्याचे आठवत असेल. त्यातील सुमारे १,२५० रुपये केवळ तंत्रज्ञानाच्या फीचे होते. आंध्र प्रदेश सरकार ही तक्रार घेऊन त्या वेळच्या मक्तेदारी व निर्बंधित व्यापार प्रथा आयोगाकडे गेले आणि मे २००६ मध्ये आयोगाने ही फी कमी करण्याचा अंतरिम आदेश दिला. पुढे राज्यांनी स्वतः दर बांधले. महाराष्ट्रानेही २००९ साली कापूस बियाण्याच्या पुरवठा, विक्री व किंमत निश्चितीचा स्वतंत्र कायदा केला. त्याच वर्षी जुना मक्तेदारी कायदा जाऊन त्याच्या जागी २००२ चा स्पर्धा कायदा प्रत्यक्षात लागू झाला.

या स्पर्धा कायद्यात दोन कलमे महत्त्वाची आहेत. कलम ३ हे व्यापाऱ्यांनी आपसांत किंवा कंपनीने वितरकाशी केलेल्या, बाजारातील चढाओढ मारणाऱ्या करारांबद्दल आहे, तर कलम ४ बाजारातील प्रबळ स्थानाच्या गैरवापराबद्दल आहे. कलम ३ मध्येच पेटंट, व्यापारचिन्ह, भौगोलिक मानांकन (विशिष्ट भागातल्या मालाच्या नावाची नोंदणी), डिझाइन यांच्या धारकांना एक सवलत दिली आहे. हक्काचे उल्लंघन रोखण्यासाठी आणि हक्काच्या रक्षणासाठी आवश्यक अशा 'वाजवी' अटी ते घालू शकतात. अख्खा वाद या 'वाजवी' शब्दावर उभा आहे. कलम ४ मध्ये अशी सवलत नाही, हेही लक्षात ठेवावे. म्हणजे पेटंट मिळाल्यामुळे एखादी कंपनी बाजारात एकटीच विक्रेती उरली तर तो गुन्हा नाही. त्या एकटेपणाचा दाब देऊन इतरांना कोंडीत पकडणे ही मात्र वेगळी गोष्ट आहे.

नेमका हाच आक्षेप २०१५ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने आणि एका बियाणे कंपनीने बियाणे कंपन्यांना बोलगार्डचा परवाना देणाऱ्या महिको मोन्सॅन्टो बायोटेकविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगापुढे मांडला. फेब्रुवारी २०१६ मध्ये आयोगाने प्रथमदर्शनी तथ्य असल्याचे सांगून चौकशीचा आदेश दिला. परवाना संपवण्याच्या अटी गरजेपेक्षा कठोर आहेत आणि त्यामुळे बियाणे कंपन्या दुसऱ्या कोणाचे तंत्रज्ञान घ्यायला धजत नाहीत, असे आयोगाचे म्हणणे होते. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. तेथे २०२० मध्ये एका न्यायमूर्तींनी आयोगाला चौकशीचा अधिकार आहे असे म्हटले. जुलै २०२३ मध्ये मात्र खंडपीठाने ते उलटवले. पेटंटच्या परवान्यातील गैरवाजवी अटींची दखल घेण्याची स्वतंत्र व्यवस्था पेटंट कायद्यातच आहे आणि तो या विषयापुरता विशेष कायदा आहे, म्हणून आयोगाने त्यात पडू नये, असा तो निर्णय होता. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयोगाचे अपील फेटाळले. अटी वाजवी होत्या की नव्हत्या, याचा निवाडा कोणीही दिला नाही. दरम्यान पेटंटची मुदत संपली आणि मूळ तक्रारदार कंपनीनेही तडजोड केली. माझ्या मते शेतकऱ्याच्या दृष्टीने यातली खरी खंत हीच आहे, कारण फी घटली ती दरनियंत्रणामुळे. स्पर्धा कायद्याचा त्यात शेवटपर्यंत हातभार लागला नाही.

आता पेटंट कायद्यातील ती व्यवस्था कोणती, हे सांगतो. पेटंट मिळून ३ वर्षे झाली आणि वस्तू लोकांना परवडेल अशा किमतीत किंवा पुरेशा प्रमाणात मिळत नसेल, तर दुसऱ्या उत्पादकाला 'सक्तीचा परवाना' मागता येतो. २०१२ साली कर्करोगाच्या एका औषधासाठी असा परवाना देशात दिला गेला, तेव्हा महिन्याचा खर्च सुमारे २ लाख ८० हजारांवरून ८,८०० रुपयांवर आला होता. दुसरी तरतूद कलम १४० ची. पेटंटची वस्तू किंवा परवाना देताना 'आमचीच दुसरी वस्तूही घेतली पाहिजे' अशी अट करारात घालणे या कलमाने बेकायदा ठरवले आहे.

येथून शिरपूरच्या प्रश्नाकडे वळतो. तेथील शेतकरी लिहितात की, मागणी असलेल्या वाणाची दोन पाकिटे हवी असतील तर सोबत सूक्ष्म अन्नद्रव्याची बाटली आणि एक कीटकनाशक घ्यावेच लागते, आणि 'ही कंपनीचीच स्कीम आहे' असे सांगितले जाते.

याला आपल्याकडे लिंकिंग म्हणतात आणि याचा पेटंटशी काडीचाही संबंध नाही. पाकिटावर कोणतेही चिन्ह असले तरी त्या हक्कातून दुसरी बाटली विकण्याचा अधिकार निर्माण होत नाही. कंपनीने वितरकावर आणि वितरकाने कृषी सेवा केंद्रावर असा माल लादला असेल, तर ती स्पर्धा कायद्याच्या कलम ३ मधील 'जोडविक्री' होऊ शकते आणि त्याची माहिती आयोगाला कोणीही देऊ शकते. पीडित दुकानदारालाही ते शक्य आहे, मात्र प्रकार घडल्यापासून ३ वर्षांच्या आत. तरीही प्रामाणिकपणे सांगतो की, दोन पाकिटांसाठी दिल्लीच्या आयोगाकडे जाण्यात अर्थ नाही. त्या करारामुळे बाजारातील स्पर्धेवर लक्षणीय परिणाम होतो, हे तेथे दाखवावे लागते. शिवाय गावातल्या एखाद्या दुकानाला 'प्रबळ' ठरवणेही कठीण आहे. आपल्यासाठी जवळचा मार्ग बियाणे नियंत्रण आदेश, १९८३ आणि खत नियंत्रण आदेश, १९८५ यांचा आहे. विक्रेत्याने साठा व दर फलकावर लावलेच पाहिजेत आणि बिल दिलेच पाहिजे. लिंकिंगची किंवा जादा दराची तक्रार तालुका कृषी अधिकाऱ्याकडे किंवा पंचायत समितीतील कृषी अधिकाऱ्याकडे लेखी द्यावी. बिलावर बाटलीचे नाव स्वतंत्र ओळीत लिहून घेतले, तर तोच पुरावा होतो. दुकानदार बिलच देत नसेल, तर तेही तक्रारीत लिहावे.

रावेर भागातून दोन प्रश्न एकाच चिठ्ठीत आहेत. टिश्यू कल्चरच्या (प्रयोगशाळेत वाढवलेल्या) केळी रोपांच्या बागेतील मुनवे, म्हणजे बुंध्यालगत फुटणारे कोंब, पुढच्या लागवडीसाठी वापरले तर प्रयोगशाळा हरकत घेऊ शकते का, आणि 'जळगाव केळी' हे नाव फक्त एकाच व्यापाऱ्याला वापरता येते असे म्हणतात ते खरे का.

ग्रँड नैन हे केळीचे जुने आणि सर्वांना खुले वाण आहे. रोपे तयार करण्याच्या पद्धतीत एखाद्याचे कौशल्य असेल, पण वाण त्याच्या मालकीचे होत नाही, त्यामुळे मुनवे वापरायला कायद्याची अडचण नाही. अडचण शेतीची आहे. रोगट बागेतले मुनवे रोगासह पुढच्या शेतात जातात, म्हणून निरोगी बाग पाहूनच ते घ्यावेत. नावाबद्दल सांगायचे तर 'जळगाव केळी'ला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि 'जळगाव भरीत वांगी' व 'नवापूर तूरडाळ' यांनाही त्याच वर्षी. मानांकन हे व्यापारचिन्हासारखे एकाच्या मालकीचे नसते. कायद्याने ते विकता, गहाण ठेवता किंवा भाड्याने देता येत नाही. ठरलेल्या क्षेत्रातला आणि ठरलेल्या पद्धतीने पीक घेणारा कोणताही उत्पादक 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नोंदणी करू शकतो. २०२० पासून त्या अर्जाचे शुल्क १० रुपये आहे. त्यामुळे एखादा व्यापारी 'हे नाव माझेच आहे, माल मलाच द्या' असे म्हणत असेल, तर त्याच्याकडे त्याचा नोंदणी क्रमांक मागावा आणि गटाने स्वतःची नोंदणी करून घ्यावी.

शहाद्याच्या बैठकीत एका आजोबांनी अहिराणीत विचारलेला प्रश्न शेवटी घेतो: "साहेब, घरनं बी पेरं ते गुन्हा शे का?"

गुन्हा नाही. वाणसंरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ च्या कलम ३९ प्रमाणे संरक्षित वाणाचेही घरचे बियाणे राखणे, पेरणे, पुन्हा पेरणे, देवाणघेवाण करणे आणि विकणे हा शेतकऱ्याचा हक्क आहे. बंदी एकच आहे, ती म्हणजे कंपनीच्या नावाच्या, ब्रँडच्या पाकिटात भरून ते विकण्याची. गुजरातेत २०१९ साली एका बटाटा वाणावरून शेतकऱ्यांवर दावे दाखल झाले होते. ते मागे घ्यावे लागले. दादर ज्वारी, तूर, हरभरा यांचे चांगले बी आजोबांनी जरूर राखावे. कापसाच्या संकरित वाणाचे मात्र राखू नये, कारण पुढच्या पिढीत झाडे सारखी निघत नाहीत आणि बोंडअळीला रोखणारी जनुकेही सगळ्या झाडांत उतरत नाहीत.

राज्याच्या सीमेपलीकडून येणाऱ्या बिनबिलाच्या एचटीबीटी (तणनाशक सहन करणाऱ्या बीटी कापसाच्या) पाकिटांपासूनही दूर राहावे. त्या तंत्रज्ञानाला देशात लागवडीची मान्यता नाही, आणि उगवण झाली नाही तर तालुकास्तरीय तक्रार निवारण समितीपुढे ठेवायला तुमच्याकडे टॅग, लॉट नंबर किंवा पावती यांपैकी काहीच नसेल. अधिकृत पाकीट घेणाऱ्यांनी या तीन वस्तू आणि थोडे शिल्लक बियाणे, पाकिटासह, वेचणी संपेपर्यंत जपून ठेवावे.