टिनाच्या छताखालचा दोन टनांचा एसी: मुदत ठेव मोडावी का?

मानेवाड्याच्या एका वाचकांच्या घराला लागून टिनाचे छत असलेले १८० चौरस फुटांचे गॅरेज आहे आणि तिथे त्यांच्या पत्नी दिवसभर शिवणकाम करतात. दुकानदाराने ५८ हजारांचा, दोन टनांचा ‘हॉट अँड कोल्ड’ एसी सुचवला आहे. बचत खात्यात ३५ हजार आहेत. उरलेल्या रकमेसाठी दीड लाखाची एकमेव मुदत ठेव मोडावी का, असा त्यांचा प्रश्न आहे.

ठेव मोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मुदतीआधी ठेव मोडल्यास व्याज कमी मिळते, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे घरातील आजारपणाला तीच एक रक्कम हाताशी आहे.

तरीही ताईंचा त्रास खरा आहे. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा एवढ्या उघड्या टिनातून भर दुपारी अंदाजे साडेतीन ते चार किलोवॉट उष्णता खाली उतरते. एसीचा एक टन म्हणजे साडेतीन किलोवॉट उष्णता बाहेर काढण्याची क्षमता. म्हणजे दोन टनांपैकी एक टन केवळ त्या टिनाशी झुंजण्यात जाणार. छताखाली ५० मिलिमीटर रॉकवूल (उष्णता अडवणारे, दगडापासून केलेले लोकरीसारखे अस्तर) घालून फॉल्स सीलिंग केले, तर हीच उष्णता अर्ध्या-पाऊण किलोवॉटवर येते. या वाचकांच्या कारागिराने या कामाचे २२ हजार सांगितले आहेत. ते आधी करावे. गाडी तिथेच उभी राहत असल्याने उघडा थर्माकोल मात्र लावू नये, तो चटकन पेट घेतो.

उरलेल्या पैशांत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर घ्यावा. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा असल्याने तो चांगले काम देतो. फक्त हवा बाहेर पडावी म्हणून शटर थोडे वर ठेवावे लागते. रोज सहा तास, ७५ दिवस आणि युनिटमागे १२ रुपये धरले, तर २०० वॉटच्या कूलरला सुमारे १,१०० रुपये वीज लागेल, तर दीड किलोवॉट ओढणाऱ्या एसीला ८,१००. पावसाळी दमटपणात कूलर निरुपयोगी ठरतो, हे मान्य. पण तेव्हा उन्हाचा कहरही नसतो. हीटरची सोय तर नकोच, कारण इथली थंडी बोचते ती रात्री आणि पहाटे, शिवणकाम चालते दिवसा.

पुढे एसी घेण्याइतकी बचत झाली, तर दीड टन पुरावा. एक टनाचा मोह टाळावा, कारण एसीची क्षमता बाहेर ३५ अंश धरून मोजलेली असते आणि ४५ अंशांत ती घटते. खरेदीआधी वीजबिलावरचा मंजूर भार आणि गॅरेजचे वायरिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे.